धूर मासळीला लागावा, लेकरांना नव्हे



सातपुड्यातील घरांत चुलीच्या वर टांगलेली मक्याची कणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. धुरामुळे बियाण्याला सहसा कीड लागत नाही. मासळी आणि मांसही याच रीतीने टिकवतात. सरदार सरोवराच्या फुगवट्यात अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे मासेमारी करतात. जवळ बर्फ नसेल आणि बाजार दूर असेल, तर जास्तीची मासळी पडेल त्या भावाने द्यावी लागते. धुरी देऊन सुकवलेली मासळी मात्र पावसाळ्याच्या तंगीत लेकरांच्या ताटात येते.

पण केवळ धुराने मासळी टिकत नाही. मीठ आणि उष्णता मासळीतले पाणी कमी करतात. धुरातील घटक जंतूंची वाढ रोखतात आणि चरबी खवट होऊ देत नाहीत. तिन्हींची जोड लागते. म्हणून पुढील काळजी घ्यावी:

1. मासळी ताजी असावी. पोट साफ करून, धुऊन, मोठा मासा उभा चिरावा. मांसाच्या पातळ पट्ट्या कराव्यात.
2. एक किलो मासळीला पाव किलो मीठ चोळून रात्रभर ठेवावे. सकाळी धुऊन पाणी निथळू द्यावे.
3. बाभूळ, आंबा, चिंच यांचे वाळके लाकूड किंवा मक्याची बुरकुंडे जाळावीत. प्लास्टिक, रॉकेल, रंग दिलेले लाकूड कधीही वापरू नये.
4. मासळी आतपर्यंत शिजली पाहिजे. काट्याजवळचे मांस पांढरे होऊन सुटू लागले, की ती शिजली असे समजावे. मग मंद आचेवर कडक होईपर्यंत सुकवावी.
5. पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या डब्यात भरावी. ओलसर मासळी पिशवीत बांधून ठेवल्यास हवा नसलेल्या जागी वाढणारे विषारी जंतू जीव घेऊ शकतात. खाण्यापूर्वी भिजवून पुन्हा शिजवावी.

आता मुख्य गोष्ट. हे काम बंद घरात केले, तर सारा धूर माता आणि त्यांच्या कडेवरची बाळे ओढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातील धुराच्या प्रदूषणामुळे जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. त्यांत 2 लाख 37 हजारांहून अधिक मुले पाच वर्षांखालील होती.

यावर घाना देशातील चोरकोर या मच्छीमार वस्तीने वाट दाखवली आहे. तिच्याच नावाने ओळखली जाणारी भट्टी मातीची किंवा विटांची, आयताकृती असते. खाली सरपणासाठी दोन तोंडे, आणि वर तारेच्या जाळीच्या लाकडी चौकटी एकावर एक रचलेल्या. या चौकटीच धुराड्याचे काम करतात. उष्णता आत राहते, सरपण कमी लागते आणि एका वेळी पुष्कळ मासळी निघते. अशी भट्टी आपल्याकडील माती आणि साध्या सुतारकामातून अंगणात, घरापासून दूर उभी राहू शकते. मासळीला अधूनमधून चौकट बदलून द्यावी, म्हणजे ती सारखी शिजते.

पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर थकलेल्या शिष्यांसाठी विस्तवावर मासळी ठेवली होती (योहान 21). भुकेल्यांची काळजी हे त्याचेच काम आहे. आपल्या मंडळीने एखाद्या पाड्याला जाळी, मीठ आणि घट्ट झाकणाचे डबे दिले, तरी या कामाची सुरुवात होऊ शकते.

प्रार्थनेचा विषय: चुलीपुढे खोकणाऱ्या माता आणि त्यांची लेकरे.