बटाट्याला जोडीदार हवा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यापर्यंत आमच्या जव्हारच्या घरात दोन गिनीपिग होते. सख्खे भाऊ, दोन्ही नर. तपकिरी आणि गोल दिसतात म्हणून धाकट्या मुलीने एकाचं नाव ठेवलं बटाट्या आणि दुसऱ्याचं रताळ्या. नावं ठेवणं गरजेचंच होतं, कारण आमच्या अम्मीला घरात 'पिग' हा शब्दच नको होता. मी तिला पुष्कळ समजावलं, की या प्राण्याचा डुकराशी काही संबंध नाही आणि गिनी देशाशीही नाही. हा उंदीर-खारीच्या कुळातला, गवत खाणारा गरीब जीव. अम्मी म्हणाली, "मग त्याला चांगल्या नावाने हाक मारा." मुलीने ठेवलेली नावं योगायोगाने अगदी बरोबर निघाली. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात माणसांनी हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला आणि बटाटाही त्याच डोंगरांतून जगभर गेला.

त्या जुलैत रताळ्या शिंकू लागला. नाकातून पाणी, डोळे अर्धवट मिटलेले. जव्हारचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आठ-आठ दिवस भिंती सुकत नाहीत. तालुक्याच्या गावात गुरांची, शेळ्यांची औषधं मिळतात, पण गिनीपिगला काय द्यावं हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं. माझ्या खोकल्याच्या वेळची एक कॅप्सूल घरात उरली होती. ती फोडून चिमूटभर पूड पाण्यात कालवून मीच त्याला पाजली, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी तो गेला. नंतर नाशिकच्या एका डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा कळलं, की ती कॅप्सूल पेनिसिलीनच्या घराण्यातली होती आणि ही औषधं गिनीपिगला विषासारखी असतात. गवत पचवायला त्याच्या पोटात जे उपयोगी जंतू असतात ते या औषधाने मरतात आणि त्यांच्या जागी विष तयार करणारे जंतू माजतात. हे मी इथे मुद्दाम सांगतो आहे. तुमच्या घरी हा प्राणी असेल तर माणसाच्या औषधांचा डबा त्याच्यापासून लांब ठेवा.

रताळ्या गेल्यावर बटाट्या कोपऱ्यात बसून राहिला. पूर्वी फ्रिजचं दार उघडलं की दोघे शिट्ट्या मारायचे. आता आवाज नाही. मुलगी म्हणाली, "अब्बा, तो रुसलाय." मला वाटलं, लहान मुलीचं मन आहे, होईल ठीक. पण दुसऱ्या दिवशी त्याने पेरूच्या फोडीलाही तोंड लावलं नाही, तेव्हा मी घाबरलो. या प्राण्याचं पोट सतत चालू असावं लागतं. एक दिवस न खाणं त्याला फार महागात पडू शकतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ओला चारा वाटून सुईशिवायच्या सिरिंजने भरवला, तेव्हा तो सावरला. मग त्यांनी विचारलं, "त्याला सोबत कधी आणणार?"

सोबत ही याची चैन नव्हे, गरज आहे. याचे रानटी भाऊबंद डोंगरातल्या गवतात टोळीने राहतात. ससाणा आला की एक ओरडतो आणि सगळे दडतात. एकट्या गिनीपिगला ही राखण स्वतःच करावी लागते, म्हणून तो सतत धास्तावलेला असतो. स्वित्झर्लंडने तर २००८ मध्ये प्राणिसंरक्षणाचे नियम बदलले आणि गिनीपिग एकटा पाळायला मनाई केली.

आता सोबत आणायची म्हणजे कोणाची? आमच्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडला. बहुतेकांचं म्हणणं एकच, "एकटा गडी आहे, बायको आणून द्या." जणू स्थळच बघायचं होतं. पण नर-मादी एकत्र ठेवले तर पिल्लं होणारच. गर्भारपण ५९ ते ७२ दिवसांचं, आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की त्याला आईपासून आणि बहिणींपासून वेगळं करावं लागतं, नाहीतर घरातल्या घरात पुढची पिढी सुरू. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल तर तिच्या कमरेची हाडं घट्ट जुळतात, बाळंतपणात ती सुटत नाहीत आणि मादी दगावते. दुकानातून 'मोठी, धष्टपुष्ट' मादी आणून नराजवळ सोडणं म्हणजे बहुधा तिचा जीव धोक्यात घालणं.

नराचं खच्चीकरण करून मग मादी आणणं हा उत्तम मार्ग आहे, आणि ज्यांच्या शहरात लहान प्राण्यांना भूल देणारा अनुभवी डॉक्टर आहे त्यांनी तोच धरावा. शस्त्रक्रियेनंतरही साधारण सहा आठवडे नराला मादीपासून दूर ठेवावं लागतं, कारण तोवर तो बाप होऊ शकतो. आम्हाला जव्हारहून एवढ्याशा जिवाला घाटातून नेऊन, भूल देऊन परत आणण्याचा धीर झाला नाही. एक गमावला होता.

कोणी म्हणालं, ससा आणा, दिसायला सारखेच. दिसणं सोडा, दोघांची भाषा वेगळी. सशाची एक लाथ गिनीपिगची हाडं मोडू शकते. शिवाय सशाच्या नाकात असे जंतू असू शकतात की सशाला काही होत नाही आणि गिनीपिगला न्यूमोनिया होतो. खाणंही वेगळं. ससा 'क' जीवनसत्त्व शरीरात तयार करतो. गिनीपिगला आपल्यासारखंच ते बाहेरून घ्यावं लागतं. याच उणिवेमुळे १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेतल्या दोन संशोधकांना गिनीपिगमध्ये स्कर्व्ही हा रोग घडवून दाखवता आला आणि 'क' जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. म्हणून आमच्याकडे रोज ढोबळी मिरचीचा तुकडा आणि हंगामात पेरू. पेरू देशातल्या प्राण्याला पेरू आवडतो, यावर मुलीच्या वर्गात बराच हशा झाला म्हणे.

राहिला एकच पर्याय, दुसरा नर. इथे मात्र सगळे एकमुखाने म्हणाले, दोन नर म्हणजे मारामारी. याला उत्तर मिळालं आमच्याकडे दूध घालायला येणाऱ्या काकांकडून. ते पाड्यावर कोंबड्या पाळतात. म्हणाले, "भाऊ, दोन कोंबडे एका खुराड्यात नांदतात की. कोंबडी दिसली की मग बघा." गिनीपिगचंही पुष्कळसं असंच आहे. आसपास मादी नको, तिचा वास लागलेले हातसुद्धा नकोत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जर्मनीतले प्राणिशास्त्रज्ञ नॉर्बर्ट झाक्सर यांनी १९९१ च्या सुमारास दाखवून दिलं, की कळपात, वयाने मोठ्या नरांच्या सहवासात वाढलेला नर पुढे परक्या नरालाही न भांडता सामावून घेतो. जो एकटा किंवा फक्त एका मादीबरोबर वाढला, तो परक्यावर तुटून पडतो आणि स्वतःही तणावाने पोखरला जातो. कोणापुढे मान तुकवायची, कधी बाजूला व्हायचं, हे त्याला तारुण्यात थोरल्यांकडून शिकावं लागतं. बटाट्या भावाबरोबर वाढलेला, म्हणजे निदान सोबतीची सवय असलेला होता. म्हणून डॉक्टरांचा सल्ला होता, मोठ्या नराजवळ अगदी लहान नर आणा. वयात अंतर असलं की धाकटा थोरल्याचं थोरलेपण मुकाट्याने मान्य करतो.

असं पिल्लू मिळालं नाशिकला, माझ्या मेहुणीच्या ओळखीच्या घरी. त्यांना दुकानदाराने 'दोन माद्या' म्हणून विकलेल्या जोडीला तीन पिल्लं झाली होती! ही फसगत फार जणांची होते. म्हणून आणताना जाणत्याकडून नर-मादीची खात्री करून घ्या. सहा आठवड्यांचं पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुना टॉवेल, तहानेसाठी काकडीच्या चकत्या, असं आम्ही एसटीने त्र्यंबक-मोखाड्यामार्गे आणलं. मोखाड्याला गाडीत चढलेल्या एका बाईंनी खोक्याच्या भोकातून डोकावून विचारलं, "ससा का उंदीर?" मुलगी म्हणाली, "दोन्ही नाही, बटाट्याचा भाऊ." तपकिरी, ओबडधोबड अंगाचा, म्हणून त्याचं नाव पडलं करांदा. आपल्या रानातलं कंद, परदेशातलं नव्हे.

पहिले तीन आठवडे करांदा वेगळ्या खोलीत. खरूज, गजकर्ण, खोकला काही असेल तर तेवढ्यात दिसतं. आधी बटाट्याला खायला घालायचं, मग करांद्याला, मग साबणाने हात धुवायचे. मुलीला हे तीन आठवडे फार जड गेले.

भेट ठरली ओसरीवर, कारण ती दोघांचीही जागा नव्हती. मध्ये सुक्या गवताचा ढीग, दोन बाजूंना दोन खोकी, प्रत्येक खोक्याला दोन दारं, म्हणजे कोणी कोंडीत सापडायला नको. दोन वाट्या, दोन पाण्याच्या बाटल्या. कविसंमेलनात माइक एकच असतो म्हणून काय होतं, ते मी अनेकदा पाहिलं आहे. सोडल्याबरोबर बटाट्या घुमू लागला आणि एकेका पायावर अंग झुलवत करांद्याभोवती फिरू लागला. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा घातलेलं सोंग जसं डुलत येतं, अगदी तसं. मग हुंगणं, पाठीवर चढणं, दात कडकडवणं. मुलगी रडायला लागली. पण हे भांडण नव्हे, थोरला कोण ते ठरवणं आहे. अशा वेळी घाबरून दोघांना सारखं दूर केलं तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. मात्र केस पिंजारून दोघे एकमेकांवर झेपावले, गोळा होऊन लोळले किंवा रक्त दिसलं, तर लगेच मध्ये पडायचं. तेही जाड टॉवेल टाकून, उघडा हात घालून नव्हे. मी टॉवेल घेऊन तीन तास बसलो होतो. शेवटी करांदा गवतात शिरून खाऊ लागला, आणि थोड्या वेळाने बटाट्याही दुसऱ्या बाजूने खाऊ लागला. रात्री दोघांना स्वच्छ धुतलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं. दोन नरांना पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा तरी हवीच. दुकानात मिळतात ते पिंजरे यापुढे खुराडीच.

एवढ्यावर सुखाचा संसार झाला असं नाही. चार महिन्यांचा झाल्यावर करांद्याला मिसरूड फुटलं म्हणायचं, आणि तोच बटाट्यासमोर डुलू लागला. एका सकाळी बटाट्याच्या कानावर ओरखडा दिसला. मग आठ दिवस मध्ये जाळी. एकमेकांना दिसतील, वास येईल, पण चावता येणार नाही. त्यानंतर पुन्हा ओसरी, पुन्हा गवताचा ढीग, पुन्हा मी टॉवेल घेऊन. हे दोनदा झालं. काही नर कधीच जुळत नाहीत. तेव्हा कायम शेजारी-शेजारी, जाळीपलीकडे ठेवणं हेही एकटेपणापेक्षा बरं. आमचे सध्या जुळले आहेत. फ्रिज उघडला की दोन शिट्ट्या येतात, आणि करांद्याची जरा बेसूर आहे.

गिनीपिगचं आयुष्य पाच-सात वर्षांचं. बटाट्या थोरला, म्हणजे एक दिवस करांदा एकटा पडणार आणि हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार. स्वित्झर्लंडमध्ये एक बाई अशा एकट्या पडलेल्यांसाठी गिनीपिग सोबतीला भाड्याने देतात, अशी बातमी २०११ मध्ये आली होती. जव्हारला तशी सोय नाही. मुलीने नाशिकच्या त्या घरचा फोन नंबर आपल्या भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.