केंद्राची भरपाई आणि आपली घरपट्टी

केंद्राकडून भरपाई येते, तर त्यातून दुकानांची घरपट्टी कमी करा, असे जालन्याच्या बाजारात आम्हीही म्हणत होतो. हिशेब मांडला आणि चूक कळली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. राज्याचे त्यातले उत्पन्न दरसाल १४ टक्के वाढेल असे धरून, पडेल ती तूट केंद्राने भरायची. पण पाचच वर्षे. जून २०२२ ला मुदत संपली. अशा पैशावर कायमची सूट मागणे म्हणजे उधारीच्या मालातून लग्नाचा बस्ता फुकट बांधून देणे! शिवाय १५ व्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला उलटीच अट घातली : घरपट्टीचे किमान दर ठरवा, वसुली वाढवा. तेव्हा व्यापारी बांधवांनो, माफीची वाट पाहू नका. आकारणीत दुकानाचे माप तपासा. चूक असल्यास मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या.