चाकाची खुर्ची : मापाची आणि वापराची

चाकाची खुर्ची म्हणजे रुग्णास एका विभागातून दुसऱ्या विभागात नेण्याचे साधन, असा सर्वसाधारण समज आहे. रुग्णालयाच्या दारातील खुर्चीपुरता तो खराही आहे. परंतु मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखालील संवेदना हरपलेली व्यक्ती दिवसाचा बहुतेक वेळ ज्या खुर्चीत काढते, ती मापाची नसेल तर हेच साधन तिला नव्याने आजारी पाडू शकते. बैठकीच्या हाडांवर सतत दाब पडल्याने तेथील रक्तपुरवठा खुंटतो. वेदना नसल्याने हे कळत नाही; कळते तेव्हा दाबव्रण झालेला असतो आणि तो भरून येण्यास कित्येकदा महिने लागतात.

म्हणून खुर्ची देण्यापूर्वी आम्ही माप घेतो. बैठक नितंबांच्या रुंदीहून फार तर २ ते ३ सेंटिमीटर अधिक असावी. ऐसपैस खुर्ची नातेवाइकांना बरी वाटते, पण तिच्यात शरीर एका बाजूस कलते, चाकांपर्यंत हात नीट पोहोचत नाहीत आणि घराच्या दारातून ती जातही नाही. बैठकीची पुढची कडा व गुडघ्यामागची लवण यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. पायटेकू फार उंच असल्यास मांड्या उचलल्या जाऊन सारा भार मागील हाडांवर येतो.

उशीकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. घडीच्या खुर्चीची रेक्झिनची बैठक कालांतराने झोळीसारखी लोंबू लागते. त्यावर उशी हवीच. व्यक्ती बसलेली असताना उशीखाली हात घालून पाहावे; हाड हाताला टोचत असेल तर उशी निकामी झाली आहे. हवेचे गोल कडे कृपया वापरू नये. त्याने मधला भाग मोकळा राहतो, पण भोवतालच्या कातडीवर दाब वाढतो. चांगल्या उशीवरही दर २० ते ३० मिनिटांनी पुढे वा बाजूस झुकून एक-दोन मिनिटे दाब हलका करावा लागतो.

खुर्चीत बसविताना वा उठविताना दोन्ही ब्रेक लावावेत आणि पायटेकू वर करावेत. त्यांवर उभे राहिल्यास खुर्ची पुढे उलटते. हवेच्या टायरमधील हवा कमी झाली की ब्रेक लावूनही चाक सरकते, ही बाब अनेकांच्या ध्यानी येत नाही. तीव्र उतारावरून मदतनिसाने खुर्ची उलटी, म्हणजे मागची बाजू पुढे ठेवून, सावकाश उतरवावी. घरासाठी उतरंड बांधताना उंचीच्या १२ पट लांबी धरावी; १५ सेंटिमीटरच्या पायरीस १८० सेंटिमीटर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या मार्गदर्शिकेत या सेवेच्या आठ पायऱ्या सांगितल्या असून वापराचे प्रशिक्षण आणि देखभाल-पाठपुरावा या त्यांतील शेवटच्या दोन होत. एकाच मापाच्या दहा खुर्च्या देऊ इच्छिणाऱ्या दात्यांस म्हणूनच आमची नम्र विनंती आहे की, खुर्च्यांची संख्या थोडी कमी करावी आणि उरलेल्या रकमेतून उशा, दुरुस्ती व पाठपुराव्याच्या भेटी यांची तरतूद करावी.