कुंडीतलं गांजाचं एक रोप कायद्याला केवढं दिसतं?

एक बी, एक कुंडी, थोडी माती आणि वर टांगलेला एलईडी दिवा. घरातल्या घरात, कमी खर्चात गांजाचं झाड कसं वाढवायचं हे सांगणारे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्यातले बरेचसे कॅनडा, अमेरिका, जर्मनीतले असतात. तिथल्या हिशेबात कुंडी, खत आणि विजेचं बिल एवढंच येतं. भारतात हिशेब मांडायचा तर त्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते: दहा वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंतचा दंड. तोही एकाच रोपासाठी.

'एवढंसं तर आहे, काय होणार?' असं अनेकांना वाटतं. हा समज कुठून येतो आणि तो कुठे फसतो, ते पाहू.

जवळ बाळगणं आणि लावणं यात फरक काय?

भारतात गांजाबाबतचा मुख्य कायदा म्हणजे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. त्याला सगळे 'एनडीपीएस' म्हणूनच ओळखतात. २००१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि जप्त मालाच्या वजनावरून शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या.

गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते 'अल्प प्रमाण'. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोहून जास्त म्हणजे 'व्यापारी प्रमाण'. तिथे शिक्षा किमान दहा वर्षं आणि कमाल वीस वर्षं. मधल्या वजनासाठी दहा वर्षांपर्यंत.

'थोडा माल, थोडी शिक्षा' हा समज या पायऱ्यांमधून आला आहे. पण या पायऱ्या लागवडीला नाहीत. कलम २० मध्ये लागवडीसाठी वेगळं पोटकलम आहे. त्यात किती रोपं, किती उंच, किती वजनाची याचा उल्लेखच नाही. भांग-गांजाच्या वंशातलं कुठलंही झाड विनापरवाना लावलं की दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते.

म्हणजे अर्धा किलो गांजा बाळगणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद, आणि खिडकीत एक रोप वाढवणाऱ्याला जास्तीत जास्त दहा वर्षांची. दहा वर्षं ही कमाल मर्यादा आहे. किमान शिक्षा ठरलेली नसल्याने न्यायाधीश परिस्थिती पाहून कमी शिक्षा देऊ शकतात. पण तोवर अटक, जामीन, वकील आणि तारखा यातून जावं लागतंच.

'आपोआप उगवलं' म्हटलं तर?

हे झाड भारतात अनेक भागांत रानात आपोआप उगवतं. त्यामुळे कोर्टात 'लागवड' सिद्ध करावी लागते. २००४ च्या अलख राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. शेतात रोपं सापडली असली, तरी ती त्यानेच लावली याचा पुरावा नव्हता. जमिनीत पडलेल्या बियांमधून रोपं उगवू शकतात, हे न्यायालयाने लक्षात घेतलं.

खोलीतल्या रोपाला मात्र हा बचाव मिळणं अवघड. कुंडी, दिवा, टायमर, पंखा या वस्तूच सांगतात की रोप कुणीतरी मुद्दाम वाढवलं आहे.

खोली भाड्याची असेल तर प्रश्न आणखी वाढतो. कलम २५ नुसार, आपल्या ताब्यातल्या जागेत असा गुन्हा होतोय हे माहीत असून तो होऊ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. म्हणजे घरमालक किंवा खोलीतला जोडीदारही अडकू शकतो.

मग बी आणि भांग कशी चालते?

कायद्यातली 'गांजा'ची व्याख्या फुलोऱ्यापुरती आहे. फुलोरा सोबत नसेल तर बी आणि पानं गांजात मोजली जात नाहीत. याला शास्त्रीय आधार आहे. नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट ग्रंथींत तयार होतं. पानांत ते कमी असतं, बियांत जवळपास नसतंच.

पानांपासून केलेली भांग म्हणूनच एनडीपीएसच्या बाहेर राहते. तिच्यावर राज्यं आपापले नियम लावतात आणि महाराष्ट्रात तिच्यासाठीही परवाना लागतो. बियांना आणि बियांच्या तेलाला २०२१ मध्ये एफएसएसएआयने अन्न म्हणून मान्यता दिली.

इथेच गोंधळ होतो. बी खाणं कायदेशीर आहे म्हणून ते पेरणंही कायदेशीर ठरत नाही. पानाला सूट आहे, पण ज्या झाडाला ते पान येतं त्याला लागवडीची सूट नाही.

परदेशात कसं चालतं?

कॅनडाने २०१८ मध्ये घरटी चार रोपांना परवानगी दिली. पण तिथल्या क्युबेक प्रांताने घरगुती लागवडीवरची बंदी कायम ठेवली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला तीन रोपं लावता येतात.

अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीने दुकानातली विक्री कायदेशीर केली, तेव्हा घरी लावायला मात्र परवानगी दिली नाही. शिवाय व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे विषय केंद्राच्या कायद्याखाली येतात. राज्याने परवानगी दिलेली गोष्टही तिथे अर्जदाराच्या विरोधात जाऊ शकते.

भारतात कायदेशीर वाट कोणती?

तंतू आणि बियांसाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं, अशी तरतूद कायद्यातच आहे. उत्तराखंडने २०१८ पासून असे परवाने दिले. तिथे टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंतच चालतं. ही वाट शेती आणि उद्योगासाठी आहे, घरातल्या कुंडीसाठी नाही.

दुखणं किंवा झोपेची तक्रार म्हणून कुणी या झाडाकडे वळत असेल, तर पानांपासून बनवलेली परवानाधारक आयुर्वेदिक औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. ती उपयोगी पडतील की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

बाकी, व्हिडिओतला 'स्वस्त' हा शब्द ज्या देशातला आहे तिथलाच समजावा. तिथे एका कुंडीपुढे कायदा थांबतो. इथे तो एका कुंडीपासून सुरू होतो.