एमबीए की पीएमपी?

नुकतीच पदवी हाती आलेल्यापुढे हा प्रश्न खरं तर उभाच राहत नाही. पीएमपी हे अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र. संस्था १९६९ची, प्रमाणपत्र १९८४पासूनचं. त्याच्या परीक्षेला बसण्याआधीच अनुभव दाखवावा लागतो. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प सांभाळल्याचे ३६ महिने, शिक्षण बारावीवर थांबलं असेल तर ६०. शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण.

अर्जात प्रत्येक प्रकल्पाचा उद्देश, आपली जबाबदारी आणि फलित लिहावं लागतं. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि मग जुन्या साहेबांकडून दुजोरा मिळवण्याची धावपळ सुरू होते. नोकरी सोडतानाच या नोंदी जपून ठेवलेल्या बऱ्या. प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे साधारण तितके तास शिक्षण किंवा व्यवसायासाठी योगदान, दाखवावं लागतं.

अनुभव नसलेल्यांसाठी त्याच संस्थेची कॅपम परीक्षा आहे. तिला २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं.

पूर्णवेळ एमबीए दोन वर्षांचं. महाराष्ट्रात बहुतेक महाविद्यालयांसाठी सीईटी द्यावी लागते आणि पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. या दोन वर्षांत बुडणारा पगार कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो, पण नोकरदाराने तो फीमध्ये धरायलाच हवा.

बांधकामात किंवा आयटीत पाच-सहा वर्षं काढलेल्या अभियंत्याला पुढेही प्रकल्पच चालवायचे असतील, तर आधी पीएमपी करावं. वित्त किंवा मार्केटिंगकडे वळायचं असेल, तर मात्र एमबीएच.