विदिशा : बालेकिल्ल्यामागचा मतदार

भोपाळच्या चार इमलीत मंत्र्यांचे आणि बड्या अधिकाऱ्यांचे बंगले आहेत. तिथून जेमतेम साठ किलोमीटरवरचे विदिशा राजकीय चर्चेत भाजपचा बालेकिल्ला म्हणून ओळखले जाते. पक्ष ज्याला पाठवील तो निवडून येणार, असा समज आहे. समजाला आधारही भक्कम दिसतो. १९६७ मध्ये आयुर्वेदाचार्य पंडित शिव शर्मा आणि १९७१ मध्ये वृत्तपत्रसम्राट रामनाथ गोएंका जनसंघातर्फे, तर १९९१ मध्ये अटलबिहारी वाजपेयी आणि २००९ व २०१४ मध्ये सुषमा स्वराज भाजपतर्फे इथूनच लोकसभेवर निवडून आले. तरीही मतदार डोळे मिटून मत देतो, हा यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

बाहेरून आलेल्या या चौघांची कारकीर्द एकत्र केली तरी ती वीसेक वर्षांचीच भरते. वाजपेयींनी लखनौ राखून ही जागा लगेच सोडली. उरलेला सगळा काळ राघवजी, प्रतापभानू शर्मा, शिवराजसिंह चौहान, रामपालसिंह, रमाकांत भार्गव या याच मुलखातल्या माणसांचा आहे. त्यातही शर्मा काँग्रेसचे, आणि त्यांनी १९८० व १९८४ अशा लागोपाठ दोन निवडणुका जिंकल्या. मुलूखही एकजिनसी नाही. १९५६ पर्यंत भेलसा म्हणवले जाणारे विदिशा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते, तर रायसेन आणि सीहोर भोपाळच्या नवाबीत. आज चार जिल्ह्यांत पसरलेल्या आठ विधानसभा क्षेत्रांत बेतवा-नर्मदाकाठची गहू-सोयाबीनची शेती आहे, तसे मंडीदीपचे कारखानेही आहेत.

मताधिक्य लाखांत असताना मतदार चोखंदळ कसा, असा आक्षेप येईल. उत्तर २०१८-१९ मध्ये आहे. डिसेंबर २०१८ मध्ये विदिशा आणि सांची या विधानसभा जागा काँग्रेसने जिंकल्या. काही महिन्यांतच लोकसभेला रमाकांत भार्गव पाच लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. भोपाळच्या सत्तेसाठी एक कौल आणि दिल्लीसाठी दुसरा, हा फरक करणारा माणूस विचार करूनच मत देतो. २००९ च्या मताधिक्याला तर लोकप्रियतेचे निव्वळ माप म्हणताच येत नाही, कारण काँग्रेसच्या राजकुमार पटेल यांचा अर्ज कागदपत्रांतील त्रुटीमुळे बाद झाला होता आणि मुख्य प्रतिस्पर्धीच रिंगणात नव्हता.

२०२४ मध्ये मात्र दोन्ही पक्षांनी इथलीच जुनी माणसे समोरासमोर उभी केली. चौहानांनी प्रतापभानू शर्मांचा आठ लाख एकवीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला आणि ते केंद्रात कृषी व ग्रामविकास मंत्री झाले. दिल्लीत वजन असलेला खासदार मिळणे हा मतदारसंघाचा लाभच आहे, असे कुणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण जिथे हरण्याची भीती उरत नाही, तिथे खताचा, पाण्याचा, बाजारभावाचा प्रश्न मतदाराला मतपेटीतून विचारता येत नाही. तो खासदाराच्या सद्भावनेवर सोडावा लागतो. म्हणून विदिशाला बालेकिल्ला म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की किल्ला पक्षाचा असला तरी त्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला तुल्यबळ लढतीचीच गरज अधिक आहे.