'दुर्ग' आणि 'सुगम्य' : रायगडाच्या वाटेवरील काही शब्दांचा विचार

'गम्' या धातूस 'दुर्' हा उपसर्ग लागून 'दुर्ग' हा शब्द सिद्ध होतो. जेथे जाणे कष्टाचे, तो दुर्ग. किल्ल्याच्या तटाचा, बुरुजाचा वा दरवाजाचा या व्युत्पत्तीत कोठेही उल्लेख नाही; वाटेची अडचण हाच त्याचा मूळ गुण होय. कौटिल्याने दुर्गांचे जे चार प्रकार सांगितले, तेही बांधणीवरून सांगितलेले नाहीत. पाणी, डोंगर, वाळवंट आणि अरण्य यांपैकी कशामुळे माणसाची गती खुंटते, यावरून ते केले आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणातही हाच विचार आढळतो. गडाचे मार्ग सुगम असू नयेत, असल्यास ते मोडून त्यांवर झाडी वाढवावी आणि दुसरीकडून अवघड मार्ग काढावेत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. ज्यांनी गड बांधले आणि राखले, त्यांना चढणाऱ्याची दमछाक हवीच होती.

आता गडावर शत्रू येत नाही, प्रवासी येतो. रायगडासह बारा किल्ल्यांची 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारशाच्या यादीत ११ जुलै २०२५ रोजी नोंद झाली. ज्या स्थळाला असे मानाचे पद मिळते, ते सर्वांचे आहे असे आपण गृहीत धरतो. परंतु वाट जुनीच आहे. चित् दरवाजाकडून महादरवाजापर्यंत आणि तेथून माथ्यापर्यंत चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. शत्रूसाठी योजलेली ही अडचण आज ज्याचे पाय चालत नाहीत त्याला अडविते. सशक्त तरुणाला तीच अडचण आनंद देते, हे विसरून चालणार नाही.

गडासंबंधी मराठीत जी क्रियापदे रूढ आहेत, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. गड 'चढतात', गड 'सर करतात', गिर्यारोहकांच्या बोलीत तर गड नुसता 'करतात'. 'किती किल्ले केलेत?' या प्रश्नाचा अर्थ प्रत्येक मराठी भाषकास कळतो. या 'करण्या'त पायांनी चालून जाणे अध्याहृत असते. अन्य मार्गाने माथ्यावर पोचलेल्या मनुष्याने गड 'केला' असे म्हणण्यास ही मंडळी सहसा तयार होत नाहीत; 'वर जाऊन आला' असे म्हणतील. ज्याला पाय नाहीत त्याच्या वाट्याला मुळातच निराळे क्रियापद येते, ते म्हणजे 'नेणे'. त्याला नेतात, उचलतात, वर पोचवितात. जाणारा कर्ता होता. येथे तो कर्म झाला. हा केवळ व्याकरणातील बदल नव्हे, हे ज्याला असे नेले गेले आहे त्यास सांगावे लागत नाही.

नेले जाणे सर्वकाळ हीनपणाचे होते, असे मात्र नाही. रायगडाच्या बालेकिल्ल्याच्या दोन दरवाजांची नावेच याची साक्ष देतात. एक पालखी दरवाजा, दुसरा मेणा दरवाजा. 'पालखी' हा शब्द संस्कृत 'पल्यंक' या शब्दापासून आला; 'पलंग' हा त्याचा सख्खा भाऊ. 'मेणा' हा फारसी 'मियाना'वरून आलेला. मेणा दरवाजाने राण्यांचे मेणे जात असत, अशी समजूत आहे. होळीच्या माळापलीकडील बाजारपेठेची जोती उंच आहेत, ती घोडेस्वारास खाली न उतरता खरेदी करता यावी म्हणून, असे वाटाडे आजही सांगतात. (ती दुकानेच नव्हेत, असेही एक मत आहे.) १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याला राजवाड्याच्या दाराशी दोन हत्ती उभे दिसले, आणि अशा वाटेने ते वर आले कसे, याचे त्याला मोठे नवल वाटले. तात्पर्य, स्वतःच्या पायांनी न चालणाऱ्यांचा रायगडास परिचय नव्हता असे नाही. ज्याच्यासाठी भोई उभे होते, त्याच्यापुरता दुर्ग दुर्गम नव्हता.

पालखी आणि मेणा गेले. राहिली ती डोली. हा शब्द संस्कृत 'दोला' म्हणजे झोका यावरून आला असून 'डोलणे' हे क्रियापद त्याच कुळातील आहे. घारापुरीला आणि अजिंठ्याला खुर्चीला दांडे बांधलेली डोली आजही मिळते. चार माणसे ती खांद्यावर घेतात. भाडे आधी ठरते, आणि डोलीत बसलेल्याकडे येणारेजाणारे वळून पाहतात. पालखीतल्याकडेही लोक पाहत होते, पण ते पाहणे वेगळे. वाहणाऱ्यांचे पोट त्या डोलीवर आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून डोलीला सरसकट नावे ठेवणे न्याय्य नव्हे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा ओढणाऱ्यांच्या पर्यायी रोजगाराचा विचारही त्याला करावा लागला.

रायगडावर १९९६ मध्ये रज्जुमार्ग सुरू झाला. लोक त्यास 'रोपवे' असेच म्हणतात आणि तोच शब्द टिकेल. त्याचे खालचे स्थानक हिरकणीवाडीस आहे. तान्ह्या मुलासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीची आख्यायिका सर्वश्रुतच आहे. जेथे पायांच्या पराक्रमाची कथा सांगतात, तेथूनच पायांविना वर जाण्याची सोय व्हावी, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. सुमारे चार मिनिटांत पाळणा वर पोचतो. येथे प्रवासी पुन्हा कर्ता होतो : तो तिकीट काढतो, बसतो, जातो. परंतु वरचे स्थानक मेणा दरवाजाच्या बाजूस आहे, आणि तेथून पुढे पुन्हा पायऱ्या लागतात. पालखी दरवाजाकडेही तीच गत. तेथे तीसेक पायऱ्या आहेत. चौदाशे पायऱ्या टाळून आलेली चाकांची खुर्ची या थोड्या पायऱ्यांशी थांबते. ज्या दारांना वाहून नेलेल्यांची नावे आहेत, त्याच दारांशी तिला उचलण्यासाठी माणसे शोधावी लागतात.

आजवर मराठीने या अडचणीचे विशेषण माणसाला लावले. 'पंगु' वरून 'पांगळा' आला. सूर्याचा सारथी अरुण पंगु, म्हणून पहाटे दान मागणारा 'पांगुळ' लोकसंस्कृतीत आला; एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका आणि पांगळा ही पात्रे झाली. शासनव्यवहारात 'अपंग' आणि 'विकलांग' हे शब्द रुळले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचविल्यानंतर 'दिव्यांग' हा शब्द पुढे आला. त्याविषयी पुष्कळ वाद झाला. परंतु जुने आणि नवे हे सर्व शब्द एकाच गोष्टीत सारखे आहेत : त्यांचे विशेष्य मनुष्य आहे. त्याच महिन्यात सुरू झालेल्या 'सुगम्य भारत अभियाना'च्या नावातील विशेषण मात्र स्थळाला लागते. 'गम्य' यातील प्रत्यय कर्माचा बोध करतो. ज्याकडे जावयाचे, ते सुगम्य किंवा अगम्य. उणीव पायांत नसून पायरीत आहे, असे हा शब्द सांगतो. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींवर हेच बंधन घातले. आणि सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले.

दुसऱ्या बाजूस प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा आहे. संरक्षित वास्तूत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. महादरवाजाची वळणे सपाट केली, तर दुर्ग पाहण्यास मिळणारच नाही. पण हा आक्षेप सर्व ठिकाणी सारख्याच जोराने घेणे बरे नव्हे. स्थानकापासून दरवाजापर्यंतची वाट रज्जुमार्गाबरोबरची, म्हणजे आजच्या काळातील आहे. शिवकाळाचा दाखला देऊन ती अवघड ठेवता येत नाही. जुन्या दगडास धक्का न लावता त्यावर ठेवता आणि पुन्हा काढता येईल असा लाकडी उतार, ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नाही.

ज्याला दृष्टी नाही त्याची अडचण वेगळी. गड 'पाहावयास' जातात, मग त्याने कशास जावे, असे विचारणारे भेटतात. 'पाहणे' या क्रियापदाचा मराठीतील संसार त्यांच्या ध्यानात येत नाही. आपण चव घेऊन पाहतो, विचारून पाहतो, हात लावून पाहतो. यांत डोळ्यांचा संबंध नाही. प्रत्यय घेणे एवढाच अर्थ आहे. सिंहासनाच्या जागी हलक्या आवाजात बोललेले नगारखान्यापाशी ऐकू येते, असे सांगतात. डोळस प्रवासी हे एकदा करून बघतो आणि पुढे जातो. पुढे जगदीश्वराच्या मंदिराशी एका पायरीवर हिरोजीचे नाव कोरलेले आहे. आडनाव इंदुलकर की इटळकर, यावर अभ्यासकांत मतभेद आहे. छायाचित्रावरून वाद करणाऱ्यांपेक्षा ती अक्षरे बोटांनी वाचणाऱ्यास कदाचित काही अधिक कळेल. पण त्यासाठी त्याला त्या पायरीपर्यंत पोचता आले पाहिजे, आणि बाजारपेठेवरून तेथे जाणारी वाट खडबडीत आहे.